इस्लाह आणि वाहवा

'इस्लाह' हा शब्द आपल्या कानांवर बहुधा जलशांच्या पोस्टरांवरून येतो. इस्लाह-ए-मुआशरा, म्हणजे समाजसुधारणा. मोहल्ल्याच्या भिंतीवर कागद चिकटतो, इशाच्या नमाजनंतर तकरीर होते, आणि लोक समाज कसा बिघडला आहे याची हळहळ करीत घरी जातात. पण उर्दू शायरीत याच शब्दाला एक फार छोटा, जवळजवळ घरगुती अर्थ आहे. शागिर्दाने गझल लिहावी, ओळींमध्ये मोकळी जागा सोडून कागद उस्तादापुढे ठेवावा. उस्तादाने एखादा शब्द खोडावा, एखादा बदलावा, एखादा शेर सरळ कापावा, आणि जो शेर जमला असेल त्यापुढे 'साद' हे अक्षर काढावे. साद म्हणजे मंजुरी. एवढीच ती इस्लाह. समाजाची इस्लाह करायला निघालेले आपल्यात पुष्कळ आहेत. स्वतःच्या एका ओळीची इस्लाह करून घ्यायला बसणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावे लागतील.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे दोन्ही भाषांतल्या लिहिणाऱ्यांशी माझा संबंध येतो. दोन्हीकडे एक प्रश्न मला वारंवार पडतो आणि तो केवळ साहित्याचा नाही, नीतीचा आहे. एका लिहिणाऱ्याने आपले कच्चे लेखन दुसऱ्या लिहिणाऱ्यासमोर ठेवले, तर ऐकणारा त्याचे काय देणे लागतो? मन राखण्यासाठी 'वाहवा' म्हणणे हा चांगुलपणा की बेईमानी? आणि त्याने सुचवलेला बदल लेखकाने स्वीकारला, तर ती ओळ शेवटी कोणाची?

गालिबची पत्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ठाऊक आहे की त्या पत्रांचा मोठा भाग हा इस्लाहचा आहे. त्यांचे लाडके शागिर्द मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' सिकंदराबादचे आणि बहुतेक लेखन फारसीत करणारे. गालिब त्यांना कौतुकाने 'मिर्झा तफ्ता' म्हणत. कागद टपालाने दिल्लीला यायचे आणि दुरुस्त होऊन परत जायचे. या पत्रांत मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की गालिब शब्द खोडतात तेव्हा तो का खोडला हेही बहुधा सांगतात. एकदा शेख अली हजीं या मान्यवर फारसी शायराच्या मतल्याचा विषय निघाला. त्यात एक शब्द दोनदा आला आहे, त्यातला एक फालतू आहे असे गालिबनी दाखवले. वर असेही बजावले की हा मतला खुद्द जिब्रईलचा असता तरी त्याला सनद मानू नकोस. थोरामोठ्याचे नाव पुढे करून चूक झाकायची नाही, ही शिकवण एका शागिर्दाला खासगी पत्रातून मिळते आहे. आपल्याकडे 'अमक्या सरांनी असेच लिहिले आहे' हे वाक्य अजूनही शेवटचा पुरावा म्हणून चालते!

दाग देहलवी पुढे हैदराबादला निजामाचे उस्ताद होते. त्यांच्याकडे देशभरातून टपालाने गझला येत. पंजाबात शिकणारा तरुण इक्बालही त्यांना गझला पाठवीत असे. थोड्याच काळात दागनी कळवले की तुमच्या कलामात आता दुरुस्तीला फारशी जागा उरलेली नाही. शागिर्दांची संख्या ही जेव्हा उस्तादाची दौलत मानली जाई, तेव्हा एक होतकरू शागिर्द स्वतः होऊन मोकळा करणे सोपे नव्हते. दुसऱ्याचे लेखन सुधारणाऱ्याने थांबायचे कुठे, हे त्याला कळले पाहिजे. ते न कळणारे उस्तादच आपण जास्त पाहतो.

आता 'ओळ कोणाची' या प्रश्नाकडे येते. शेख इब्राहिम जौक हे बहादूरशहा जफर यांचे उस्ताद. १८५४ मध्ये जौक वारले आणि ते काम गालिबकडे आले. जौक यांचे शागिर्द मुहम्मद हुसेन आझाद यांनी १८८० मध्ये 'आब-ए-हयात' प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी जफरच्या शायरीचा मोठा हिस्सा वस्तुतः जौक यांचाच असल्याचे सुचवले. पुढच्या अभ्यासकांनी हे मानले नाही. आझाद यांची उस्तादभक्ती सर्वांना माहीत होती. पण शंका एकदा कागदावर आली की ती जात नाही. आपले तख्त गेले, देश गेला, आणि मागे उरलेल्या गझलांवरही कोणीतरी दुसऱ्याचे नाव लिहून ठेवले.

बादशहाची ही गत, तर बाईची काय? इस्मत चुगताई यांचे पहिले लेखन 'साकी' मासिकात आले तेव्हा अनेक वाचकांना वाटले की त्यांचे प्रसिद्ध भाऊ अजीम बेग चुगताई हेच नाव बदलून लिहीत आहेत. आजही मुशायऱ्यात एखादी शायरा चांगली गझल पढून खाली बसली की मागच्या खुर्च्यांवर कुजबूज होते, 'लिहून कोण देतो?' पुरुष शायराने उस्तादाकडून इस्लाह घेतली तर तो खानदानी शायर. बाईने घेतली तर तिच्याजवळ स्वतःचे काही नाही. या एका भीतीने कितीतरी लिहिणाऱ्या मुली आपली वही कोणालाच दाखवीत नाहीत. चूक काढणारा भेटत नाही म्हणून लेखन कच्चे राहते, आणि कच्चे राहते म्हणून 'बायकांचे लिखाण असेच' हा शेरा पक्का होतो.

माझ्यापुरते मी या प्रश्नाचे उत्तर वर्गात शोधले. उर्दू बोलणारे मूल मराठीत 'माझी पुस्तक' लिहिते, कारण त्याच्या घरी किताब स्त्रीलिंगी आहे. मी लाल शाईने 'माझे' लिहून दिले तर वही शुद्ध होते, मूल होते तिथेच राहते. पण शेजारच्या बाकावरची मुलगी जेव्हा त्याला सांगते, 'अरे, किताब ती, पण मराठीत पुस्तक ते,' तेव्हा पुढच्या वेळी तो स्वतः थांबतो. कारण सांगून केलेली दुरुस्ती लेखकाच्या मालकीची होते. कारण न सांगता बदलून दिलेली ओळ ही खैरात आहे; ती घेणाऱ्याचा हात कायम पसरलेलाच राहतो. गालिब आणि तफ्ता यांच्यात जे चालले ते पहिल्या प्रकारचे. म्हणून तफ्ता यांचे शेर तफ्ता यांचेच आहेत, त्यांवर गालिबची शाई कितीही पडलेली असो.

तरीही कारण सांगणारा बरोबरच असतो असे नाही. गालिबच्याच बाबतीत पाहा. हालींनी 'यादगार-ए-गालिब'मध्ये लिहिले आहे की मौलवी फजले हक खैराबादी यांच्या सांगण्यावरून गालिबनी आपल्या कठीण, फारसीने जड झालेल्या उर्दू शायरीतला जवळपास दोन तृतीयांश भाग बाजूला काढला. एवढे कापून घेणारा कवी दुसरा दाखवता येणार नाही. १८४१ मध्ये छापला गेलेला दीवान म्हणून आटोपशीर झाला आणि घराघरांत गेला. पण भोपाळला सापडलेल्या जुन्या हस्तलिखितावरून १९२१ मध्ये 'नुस्खा-ए-हमीदिया' निघाला, तेव्हा टाकून दिलेल्यातही हिरे होते असे म्हणणारे जाणकार कमी नव्हते. खैराबादी चुकले का? मला वाटते, नाही. त्यांनी वाचक म्हणून प्रामाणिकपणे सांगितले, आणि काय कापायचे ते गालिबनी ठरवले. सल्ला देणाऱ्याचे कर्तव्य तिथे संपते.

शौक संदेलवी नावाच्या शायराने तर एक मजेदार प्रयोग केला. आपल्या त्याच त्या गझला त्यांनी त्या काळच्या अनेक उस्तादांकडे पाठवल्या आणि आलेल्या इस्लाह 'इस्लाह-ए-सुखन' या नावाने ग्रंथरूपात छापून टाकल्या. एकाने जो शेर पास केला तो दुसऱ्याने फिरवला, तिसऱ्याने कापला. उस्ताद मंडळींना हा प्रकार कितपत रुचला असेल याची कल्पना करता येते. परंतु नवोदितासाठी यात मोठा दिलासा आहे. एकाचे मत म्हणजे निकाल नव्हे. अनेकांची मते ऐकावीत. आणि ज्या जागेवर तिघेही अडखळले, तिथे उपाय तिघांचे वेगवेगळे असले तरी दुखणे नक्की आहे एवढे समजावे.

विसाव्या शतकात उस्तादाची गादी जाऊन तिथे बैठक आली. एकाच्या जागी दहा, आणि सगळे बरोबरीचे. लाहोरला १९३९ मध्ये 'हल्का-ए-अरबाब-ए-जौक' सुरू झाला. दर आठवड्याला कोणीतरी कथा, नज्म वाचायची आणि बाकीच्यांनी तिची चिरफाड करायची, ही त्याची रीत. वाचणाऱ्याने वकिली करायची नाही, ऐकून घ्यायचे. मीराजींसारखा शायर त्या बैठकींचा प्राण होता. इकडे मुंबईत चाळीसच्या दशकात अंजुमन तरक्कीपसंद मुसन्निफीनच्या साप्ताहिक बैठका चालत. हमीद अख्तर यांनी लिहिलेल्या त्यांच्या नोंदी पुढे 'रूदाद-ए-अंजुमन' या नावाने पुस्तकरूपात आल्या. मोठमोठी नावे एकमेकांसमोर कच्चे लेखन वाचीत होती, हे त्यावरून दिसते.

पण याच चळवळीने आपल्याला दुसरी बाजूही दाखवली आहे. १९४५ मध्ये हैदराबादच्या परिषदेत साहित्यातील अश्लीलतेविरुद्ध ठराव आला. 'लिहाफ' आणि 'बू' यांवर लाहोरच्या कोर्टात खटले झाले तो हा काळ. ठरावाला विरोध कोणी करावा? मौलाना हसरत मोहानी यांनी! पाच वेळचे नमाजी, हाजी, आणि गझलेत इश्क उघडपणे गाणारे. त्यांच्या विरोधामुळे ठराव बारगळला. चारच वर्षांनी, मे १९४९ मध्ये, आपल्या भिवंडीत परिषद भरली आणि तिथला जाहीरनामा कडक निघाला. लेखकाने काय लिहावे याच्या रेषा आखल्या गेल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लाहोरला पाकिस्तानातील संघटनेने मंटोसारख्या लेखकांना प्रतिगामी ठरवून पुरोगामी नियतकालिकांची दारे त्यांना बंद केली. बैठकीत 'ही कथा इथे फसली' असे म्हणणारे मित्र आता 'ही कथा तू लिहिलीसच का' असे विचारू लागले होते. पहिल्या वाक्यात लेखकाच्या हेतूला हात लावलेला नाही, तो हेतू साधला की नाही एवढेच पाहिले आहे. दुसऱ्यात लेखकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. त्याला कोणी टीका म्हणत असेल तर म्हणो, इस्लाह ते नव्हे.

आपली, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांची, अडचण अशी की आपल्या वाट्याला हे दुसरे वाक्य आणि कोरडी वाहवा या दोनच गोष्टी येतात. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून व्यासपीठ मिळाले, पुस्तके निघाली, नावे झाली. हे थोडे नाही. पण व्यासपीठ हे टाळ्यांचे ठिकाण आहे. तिथे कविता वाचली जाते, शाल दिली जाते, पुढच्याचे नाव पुकारले जाते. कोणाची कविता कुठे ढिली पडली हे सांगायला तिथे ना वेळ असतो ना ती जागा. खरी मते चहाच्या टपरीवर व्यक्त होतात आणि तीही ज्याची कविता तो उठून गेल्यावर! तोंडावर वाहवा आणि पाठीमागे चिरफाड. आपल्या दीनी तालमीत याला गीबत म्हणतात आणि ती हराम आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मोमिन मोमिनचा आरसा आहे, ही हदीसही आपण मोठ्या आवडीने सांगतो. पण आरसा डाग त्यालाच दाखवतो जो समोर उभा आहे. त्याच्या माघारी शेजाऱ्याला दाखवीत नाही.

वाहवा बाहेरूनही येते आणि ती जास्त घातक असते. 'मुसलमान असून तुमचे मराठी किती शुद्ध!' असे ज्याला ऐकावे लागले नाही असा आपल्यातला लेखक मी पाहिलेला नाही. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण या वाक्याने कथा वाचली गेलीच नाही, फक्त तिचे शुद्धलेखन तपासले गेले. ज्याच्याकडून आपण फार अपेक्षा ठेवलेली नसते त्याचे असे कौतुक होते. कमकुवत विद्यार्थ्याला आपण पस्तीस गुण देऊन पुढे ढकलतो ना, तसे. मराठी समीक्षकाने आमची कथा इतर कोणत्याही कथेइतक्या कठोरपणे वाचावी, नाकारायची तर कारण देऊन नाकारावी. त्यात जास्त इज्जत आहे.

आणि आतून येणारे ते दुसरे वाक्य: 'घरचे बाहेर का काढता?' समजा, एका बाईने तलाकवर कथा लिहिली. लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, धाडसी लेखन. दुसरा म्हणतो, समाजाची बदनामी, आधीच दिवस वाईट आहेत. दिवस वाईट आहेत हे खोटे नाही; आपल्या घरातले शब्द उचलून आपल्याच अंगावर फेकणारे आहेत, हे मी नाकारीत नाही. पण या दोन्ही गटांपैकी एकानेही तिला हे सांगितलेले नसते की बाई, तुझ्या कथेतला नवरा माणूस वाटत नाही, पुठ्ठ्याचा पुतळा वाटतो. तो वाईट का झाला हे तू शोधलेच नाहीस. हे कोणी वेळेवर, छापण्याआधी, सांगितले असते, तर कथा अधिक खरी झाली असती. आणि अधिक खरी कथा बदनामीच्या कामाला सहजी वापरता येत नाही. पुठ्ठ्याचा नवरा मात्र कोणाच्याही मिरवणुकीत नाचवता येतो.

असे सांगणे अवघड जाते, याचे कारण आपण थोडे आहोत. ज्याच्या कवितेवर बोलायचे तो कोणाचा तरी मेहुणा असतो, कोणाचा मुख्याध्यापक असतो, पुढच्या संमेलनाचा निमंत्रक असतो. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापनात हे मी जवळून पाहिले. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, मग तोच पाठ पुन्हा. मागच्या बाकांवर आपल्याच बरोबरीचे छात्राध्यापक निरीक्षण तक्ता घेऊन बसलेले. व्यवस्था किती शहाणपणाची! तिच्यातला जीव त्या दुसऱ्या पाठात आहे: ऐकलेल्या टीकेचा उपयोग लगेच करून पाहता येतो. प्रत्यक्षात मात्र सगळ्या तक्त्यांवर 'फलकलेखन सुवाच्य, आवाज स्पष्ट' एवढेच उमटायचे. आज मी तुझे लिहिते, उद्या तू माझे लिही. व्यवस्था असून भागत नाही, एकमेकांचे मिंधे नसलेले दोघेतिघे लागतात.

मराठी गझलेत मात्र ही परंपरा चांगली रुजली आहे याचा आनंद वाटतो. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि नव्या कवींच्या गझला तपासून पत्रांतून मार्गदर्शन केले. दाग यांच्याकडे जे टपालाने चाले तेच मराठीत विदर्भातून सुरू झाले. आपल्या दुधगावचे इलाही जमादार (१९४६–२०२१) यांनी नवोदितांसाठी कार्यशाळा घेतल्या आणि त्यांना नाव दिले 'गझल क्लिनिक'. नावातच सगळे आले. दवाखान्यात दुखणे लपवणारा माणूस मूर्ख, आणि 'तब्येत झकास आहे' म्हणून घरी पाठवणारा डॉक्टर गुन्हेगार. गझलेला वृत्त आहे, काफिया आहे, त्यामुळे चूक बोट ठेवून दाखवता येते. कथेत आणि ललित लेखनात तसे मोजमाप नाही, म्हणून तिथे जास्त माणसांची गरज आहे. आणि बैठका होतात त्या रात्री, कोणाच्या तरी दुकानात किंवा हॉटेलात. तिथे बायका पोहोचत नाहीत.

आम्ही तिघी जणी महिन्यातून एका रविवारी जोहरनंतर एकीच्या घरी बसतो. दोघी शिक्षिका आणि एक वयाने मोठ्या, ज्यांना आम्ही आपा म्हणतो. आपांचे शिक्षण सातवीपर्यंतचे, वाचन मात्र अफाट. नियम एकच: वाचणारीने मध्ये बोलायचे नाही. मागे मैत्रिणीने विडी कामगार बाईवर कथा वाचली. भाषा सुंदर होती, डोळ्यांत पाणी आले. आपा म्हणाल्या, 'बेटा, ती दिवसाला किती विड्या वळते?' मैत्रीण गप्प. 'मजुरी हजारावर मिळते ना? मग हजार पुऱ्या होतात का तिच्या? छाट किती निघते? छाट निघाली तर कारखान्यात पैसे कोणाचे कापतात?' कथेत सूप होते, तंबाखूचा वास होता, खोकला होता, हिशेब नव्हता. मैत्रीण पुढचे तीन रविवार गल्लीतल्या एका विडी वळणाऱ्या खालांकडे जाऊन बसली. दुसऱ्या खर्ड्यात खोकला कमी झाला आणि छाटीचा प्रसंग आला. विड्या खरोखर वाईट वळल्यात म्हणून काढलेली छाट आणि देणारीचे तोंड आवडत नाही म्हणून काढलेली छाट यांतला फरक त्या बाईला हाताने कळतो, तोंडाने बोलता येत नाही. कथेचा प्राणच तो झाला.

त्या कथेचा शेवट आपांना आणि मला अजूनही पटलेला नाही. शेवटच्या परिच्छेदात बाईची मुलगी शाळेचे दप्तर उचलून निघते, ते आम्हाला ओढूनताणून आणलेले वाटते. आम्ही कारणे सांगितली. मैत्रिणीने शांतपणे ऐकली, वहीत लिहूनही घेतली, आणि शेवट आहे तसा ठेवून कथा पाठवून दिली. छापून आल्यावर अंक घेऊन ती आली तेव्हा आपांनी आधी मिठाई वाटली आणि मग चष्मा लावून तो शेवट पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. 'नाही जमला,' त्या म्हणाल्या. मैत्रीण हसली. पुढच्या महिन्यात आपांची पाळी आहे.